तेलाचा डबा आणि तेलबियांचे पोते

गेल्या नोव्हेंबरात एका रविवारी मिस्सा आटोपून चर्चच्या आवारात चारजण बोलत उभे होतो. एका वडीलधाऱ्या बंधूंनी विचारले, "आमच्या लहानपणी घरात बारा माणसे असायची आणि महिन्याला दोन शेर तेल पुरून उरायचे. आता आम्ही पाचजण आहोत आणि पाच किलोचा डबा तीस तारीख गाठत नाही. मग हे तेल जाते तरी कुठे?" त्यांचे बोलणे संपते न संपते तोच दुसरे बंधू म्हणाले, "ते राहू द्या. माझ्या घरी सोयाबीनची वीस पोती पडून आहेत, व्यापारी सरकारी भावानेही घ्यायला तयार नाही. तेल महाग आणि तेलाचे बी स्वस्त, हा कुठला न्याय?"

दोन्ही प्रश्न खरे आहेत आणि एकमेकांत गुंतलेले आहेत. घरी आल्यावर आम्ही जुनी-नवी कागदपत्रे काढून बसलो. जे हाती लागले ते या पानावर मांडत आहोत.

प्रथम देशाचा हिशेब पाहू. केंद्र सरकारच्या आर्थिक पाहणीत दरवर्षी एक तक्ता असतो. देशात वर्षाला माणशी किती कापड, किती साखर, किती चहा, किती खाद्यतेल उपलब्ध झाले, ते त्यात दिलेले असते. १९५५-५६ साली खाद्यतेल होते माणशी अडीच किलो, आणि वनस्पती तूप त्याच्यावर ७०० ग्रॅम. १९७०-७१ साली तेल साडेतीन किलो झाले, १९८०-८१ साली ३.८ किलो. म्हणजे पंचवीस वर्षांत सव्वा किलोची वाढ. तिला वाढ तरी कसे म्हणावे? त्यानंतरचे आकडे मात्र पाहण्यासारखे आहेत. १९९०-९१ साली साडेपाच किलो, २०००-०१ साली ८.२ किलो, २०१०-११ साली १३.६ किलो. आज हा आकडा १९ ते २० किलोंच्या घरात सांगितला जातो. आजोबांच्या वाट्याला वर्षाला अडीच किलो आले, नातवाच्या वाट्याला वीस.

येथे एक खुलासा करणे जरूर आहे. 'उपलब्ध' म्हणजे 'खाल्लेले' नव्हे. देशात पिकलेले तेल आणि बाहेरून आलेले तेल यांची बेरीज करायची, बाहेर गेलेले वजा करायचे आणि लोकसंख्येने भागायचे, असा हा आकडा निघतो. सांडलेले, जळालेले, तळून फेकलेले सगळे त्यात आले. संयुक्त राष्ट्रांची अन्न व शेती संघटना १९६१ पासून प्रत्येक देशाचा अन्नाचा ताळेबंद असाच काढते. स्निग्धांश वनस्पतींपासून किती आणि प्राण्यांपासून किती, हेही ती वेगळे दाखवते. त्या ताळेबंदात आपल्या देशाचा मोठा हिस्सा वनस्पतींचा आहे. दूध-तुपाचा देश म्हणून आपण मिरवतो, परंतु अंगाला लागणारी चरबी मुख्यतः बियांतूनच येते.

दुसरी एक मोजणी घरोघर जाऊन केली जाते. राष्ट्रीय नमुना पाहणीचे लोक कुटुंबाला विचारतात की गेल्या महिन्यात घरी किती तेल आणले. १९९३-९४ साली खेड्यात माणशी महिन्याला सुमारे ३७० ग्रॅम आणि शहरात ५६० ग्रॅम असे उत्तर आले. २०११-१२ साली खेड्यात सुमारे ६७० आणि शहरात ८५० ग्रॅम. खेड्याचा हा दुसरा आकडा तिसांनी भागला तर दिवसाला माणशी बावीस ग्रॅम पडतात. हे काही भयंकर नाही. पण त्याच सुमारास देशाचा ताळेबंद माणशी वर्षाला साडेतेरा किलो, म्हणजे दिवसाला सदतीस ग्रॅम सांगत होता. मधले पंधरा ग्रॅम गेले कुठे?

आमच्या वडीलधाऱ्या बंधूंच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर या पंधरा ग्रॅमांत आहे. हे तेल घरच्या डब्यात शिरतच नाही. ते बिस्किटात असते, खारीत, टोस्टात, फरसाणात, स्टँडवरच्या वड्यात, शाळेच्या दारातल्या कुरकुरीत पुड्यात असते. त्यातले काही साबणाला आणि रंगालाही जाते. आपण घरची वाटी मोजतो आणि समाधान मानतो. बाहेरची वाटी कोणी मोजत नाही.

घरचे मोजमाप

दुसऱ्याला सांगण्याआधी आपले घर तपासावे म्हणून आम्ही एक महिना मोजून पाहिले. घरात पाच माणसे. डबा पाच किलोचा, तो एकतिसाव्या दिवशी संपला. म्हणजे माणशी महिन्याला एक किलो, दिवसाला तेहतीस ग्रॅम. आमच्या घरातील मंडळींचा दावा होता की आपले जेवण साधे, भाजी-भाकरीचे. तसे ते आहेही. परंतु फोडणी घालताना किटली सरळ कढईवर उपडी होते, चमच्याने तेल घेण्याची रीत नाही. चपातीला तेल, कणकेत तेल, वरून भाजीवर तवंग दिसला पाहिजे. तवंग नसला तर पाहुण्यांत कंजूष म्हणतील ही भीती.

त्यानंतर आम्ही बाहेरच्या पुड्यांवरचे बारीक छापील तक्ते वाचले. शंभर ग्रॅम शेव-फरसाणात तीस ग्रॅमांच्या मागे-पुढे चरबी असते. चहाबरोबर दोघांनी मिळून अशी एक पुडी संपवली की प्रत्येकाने तीन चमचे तेल प्यायल्यासारखे झाले, आणि हे जेवणाव्यतिरिक्त. त्या पुड्यांवर बहुधा 'खाद्य वनस्पती तेल' आणि पुढे 'पामोलीन' असे लिहिलेले आढळते. ज्या घरात पाम तेलाचा डबा कधी आला नाही त्या घरानेही ते भरपूर खाल्लेले असते.

मग किती खावे? हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था आपल्या देशातील आहाराचा अभ्यास करते. तिने मे २०२४ मध्ये नवी आहार-मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. दिवसाला २,००० उष्मांक लागणाऱ्या माणसाच्या ताटासाठी तिने स्वयंपाकाचे तेल-तूप मिळून २७ ग्रॅम धरले आहे, आणि शिवाय ३५ ग्रॅम दाणे-बिया. सत्तावीस ग्रॅम म्हणजे पोहे खाण्याच्या लहान चमच्याने सपाट सहा चमचे. वर्षाचे दहा किलो. देशाचा ताळेबंद याच्या दुप्पट सांगतो. फेब्रुवारी २०२५ मध्ये पंतप्रधानांनी आकाशवाणीवरून तेल दहा टक्के कमी करा असे आवाहन केले, तेही याच कारणाने.

आता कोणी म्हणेल, हे सगळे शहरातल्या बसून खाणाऱ्यांना सांगा, नांगर धरणाऱ्याला तेल लागते. बरोबर आहे. एक ग्रॅम पिठुळ पदार्थातून चार उष्मांक मिळतात, एक ग्रॅम तेलातून नऊ. अंगमेहनत करणाऱ्याला, बाळंतिणीला, अंगावर पिणे सोडलेल्या मुलाला थोडक्या अन्नात जास्त शक्ती हवी असते. तेथे तेलाचा चमचा मोलाचा. शिवाय काही जीवनसत्त्वे चरबीशिवाय अंगात जिरत नाहीत. शेवग्याचा पाला, गाजर, लाल भोपळा यांतील पिवळे द्रव्य डोळ्यांच्या कामी येते, पण त्यासाठी जेवणात थोडी तरी चरबी लागते. अडीच किलोंच्या काळात रातांधळी मुले खेडोपाडी दिसत, त्यामागे पाल्याचा आणि दुधाचा अभाव होता तसा तेलाचाही होता. जुना काळ सोन्याचा होता असे आम्ही म्हणणार नाही. तो काळ तेलाच्या दुष्काळाचा होता.

परंतु नांगर आता किती जण धरतात? ट्रॅक्टर आला, मोटारसायकल आली, पाणी नळाला आले. घाम कमी झाला आणि तेल वाढले. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत २००५-०६ साली १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी १२.६ टक्के स्थूल निघाल्या होत्या. २०१९-२१ च्या पाहणीत २४ टक्के निघाल्या. पुरुषांचे प्रमाण ९.३ वरून २२.९ टक्क्यांवर गेले. दोष एकट्या तेलाचा नाही, साखर आहे, मैदा आहे, बसणे आहे. त्याच पाहणीत १८.७ टक्के स्त्रिया अजूनही वाजवीपेक्षा कृश आढळल्या, हेही विसरता येत नाही. एकाच गल्लीत एका घरी तेल जास्त आणि दुसऱ्या घरी कमी, अशी सध्याची स्थिती आहे. म्हणून 'तेल सोडा' असे सरसकट सांगणे चुकीचे ठरेल.

कोणते तेल खात होतो, कोणते खाऊ लागलो

प्रमाणाइतकाच मोठा बदल तेलाच्या जातीत झाला. पूर्वी ज्या मुलखात जे बी पिके ते तेल तेथे खाल्ले जाई. गोव्याच्या किनाऱ्यावर खोबरेल, सौराष्ट्रात व कर्नाटकाच्या उत्तर भागात शेंगतेल, सोलापूर-विजापूर-बिदरच्या काळ्या रानात करडई, ग्वाल्हेर-मुरैना-भिंड भागात मोहरी, डोंगराळ भागात कारळा. आमच्या आठवणीतला लाकडी घाणा एका बैलावर चालत असे. तेली सकाळी दाणे ओती आणि दुपारी पेंड वेगळी, तेल वेगळे. पेंडीचा खडा मुलांना खायला मिळे आणि उरलेली म्हशीच्या आंबोणात जाई. तेल पिवळेधमक, गढूळ आणि वासाचे असे. आज तसे तेल पुढे ठेवले तर नव्या सुना नाक मुरडतात, मग शहरातील दुकानातून तेच 'लाकडी घाण्याचे' म्हणून तिप्पट भावाने आणतात.

या घरगुती तेलांना पहिला धक्का दिला वनस्पती तुपाने. पातळ तेलात निकेल धातूच्या साहाय्याने हायड्रोजन वायू मिसळून ते घट्ट करण्याची युक्ती विल्हेल्म नॉर्मन या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या आरंभी शोधली. आपल्याकडे १९३७ साली डालडाचा डबा आला आणि पुढे सर्वच वनस्पती तुपाला लोक डालडा म्हणू लागले. गांधीजींचा त्याला विरोध होता आणि स्वातंत्र्यानंतर त्यावर बंदी घालण्याचीही चर्चा झाली. बंदी झाली नाही. तुपात भेसळ ओळखता यावी म्हणून वनस्पतीत तिळाचे तेल घालणे मात्र सक्तीचे झाले, कारण तिळाच्या तेलाचा रंग परीक्षेत लाल उमटतो. ज्या गोष्टीची खरी भीती होती ती कोणाला तेव्हा माहीत नव्हती. तेल अर्धवट घट्ट करताना त्यात 'ट्रान्स' जातीची चरबी तयार होते आणि ती हृदयाच्या रक्तवाहिन्यांना इतर कोणत्याही चरबीपेक्षा अधिक अपाय करते. हे पक्के कळायला १९९० नंतरचा काळ उजाडला. आपल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने तेल-तुपातील या चरबीची मर्यादा १ जानेवारी २०२१ पासून तीन टक्के आणि १ जानेवारी २०२२ पासून दोन टक्के केली. नाताळच्या नेवऱ्या आणि कुलकुल वनस्पतीत तळण्याची ज्या घरांत सवय आहे त्यांनी ती बदलावी, एवढे आम्ही येथेच सांगून ठेवतो. साध्या तेलात त्या तितक्याच खुसखुशीत होतात, फक्त दुसऱ्या दिवशी कागदाला थोडे तेल सुटते.

दुसरा धक्का आयातीचा. सत्तरीच्या दशकात तेलबिया कमी पडू लागल्या. शेंगदाणा पावसावर, पाऊस लहरी आणि भाव व्यापाऱ्यांच्या मुठीत. परदेशातून पाम तेल आणून रेशनच्या दुकानांतून देणे सुरू झाले. आमच्या पिढीला ते रेशनचे पामतेल आठवत असेल. थंडीत डब्यात गोठायचे आणि चुलीजवळ ठेवून पातळ करावे लागायचे. त्या काळात देशाचे परकीय चलन तेलावर जाऊ लागले. राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने १९७९ मध्ये तेलबिया उत्पादकांच्या सहकारी संस्थांचे काम हाती घेतले, १९८८ मध्ये 'धारा' तेल बाजारात आणले. १९८६ मध्ये केंद्र सरकारने तेलबियांचे तंत्रज्ञान अभियान सुरू केले. चांगले बियाणे, बरा भाव आणि आयातीला लगाम, अशा तीन दोऱ्यांनी ते बांधले होते. १९८५-८६ साली देशात सुमारे १ कोटी ८ लाख टन तेलबिया पिकल्या होत्या, १९९८-९९ साली सुमारे २ कोटी ४७ लाख टन. नव्वदीच्या सुरुवातीला तर देशाची जवळजवळ सगळी गरज घरचेच तेल भागवीत होते. याला पिवळी क्रांती म्हणत. शेतकऱ्याला भाव मिळाला तर तो काय करू शकतो याचा तो पुरावा होता, आणि आज तो कोणी आठवत नाही याचे आम्हांस वाईट वाटते.

कारण लगेच दोरी सोडली गेली. १९९४ मध्ये पामोलीनची आयात खुली झाली, तेव्हा जकात ६५ टक्के होती. चार वर्षांत ती १५ टक्क्यांपर्यंत उतरली. खाणाऱ्याला तेल स्वस्त मिळाले. पिकवणाऱ्याचा भाव पडला. आज देशाच्या गरजेच्या निम्म्याहून जास्त तेल, सरकारी आकड्यांनुसार सुमारे ५७ टक्के, परदेशातून येते. वर्षाला दीड कोटी टनांहून अधिक. पाम तेल इंडोनेशिया व मलेशियातून, सोयाबीन तेल अर्जेंटिना व ब्राझीलमधून, सूर्यफुलाचे रशिया व युक्रेनमधून. २०२२ साली याची किंमत कळली. फेब्रुवारीत युक्रेनमध्ये युद्ध पेटले आणि सूर्यफुलाचे तेल थांबले. एप्रिलअखेर इंडोनेशियाने पाम तेलाची निर्यात काही आठवडे बंद ठेवली. हजारो कोसांवरच्या घटनांनी आपल्या खेड्यातील किराणा दुकानात भाव चढले.

सोयाबीनचे पोते का पडून राहते

आता दुसऱ्या बंधूंच्या प्रश्नाकडे वळू. सोयाबीन हे तेलबी म्हणून ओळखले जात असले तरी ते खरे म्हणजे प्रथिनाचे बी आहे. शंभर किलो सोयाबीनमध्ये तेल १८ ते २० किलो, प्रथिन ४० किलोंच्या आसपास. माळव्यात साठीच्या अखेरीपासून ते पसरले, इंदूरला १९८७ मध्ये त्याचे राष्ट्रीय संशोधन केंद्र निघाले आणि पुढे मराठवाडा-विदर्भ, बेळगाव-बिदरपर्यंत ज्वारी, मूग, भुईमूग यांची जागा त्याने घेतली. कारणे सर्वांना माहीत आहेत. नव्वद-शंभर दिवसांत निघते, कापणी-मळणी यंत्राने होते, रानडुकरे भुईमुगासारखी उकरून काढत नाहीत आणि मजूर कमी लागतात.

पण गिरणीवाला सोयाबीन घेतो ते पेंडीसाठी. पेंड परदेशात विकली गेली, कोंबड्यांच्या खाद्याला गेली तर भाव. जगात पेंड स्वस्त झाली आणि त्याच वेळी बंदरात तेल स्वस्त उतरले तर पोत्याला दोन्ही बाजूंनी मार. २०२४ च्या हंगामात हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये असताना अनेक बाजारांत शेतकऱ्यांनी त्याहून खाली विकले. सरकारने १४ सप्टेंबर २०२४ पासून कच्च्या पाम, सोयाबीन व सूर्यफूल तेलांवर २० टक्के मूळ जकात बसवली, आणि मे २०२५ च्या अखेरीस ती १० टक्क्यांवर आणली. पहिली शेतकऱ्याकडे पाहून, दुसरी गिऱ्हाइकाकडे पाहून. आपल्यापैकी बहुतेक जण एकाच वेळी दोन्ही आहोत, हा यातला पेच आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये सरकारने १०,१०३ कोटी रुपयांचे नवे तेलबिया अभियानही मंजूर केले आहे. २०३०-३१ पर्यंत तेलबियांचे उत्पादन ३ कोटी ९० लाख टनांवरून सुमारे ७ कोटी टनांवर नेण्याचा त्यात संकल्प आहे. संकल्प चांगला आहे. १९८६ च्या अभियानात भावाची दोरी होती म्हणून बियाण्याची दोरी ओढली गेली, एवढे या वेळी लक्षात ठेवले जावे.

एक साधा हिशेब करून पाहू. एकरी चार क्विंटल सोयाबीन पिकले तर त्यातले तेल जेमतेम ७५ किलो, आणि ते घाण्यावर निघतही नाही, मोठी गिरणी लागते. त्याच एकरात सहा क्विंटल भुईमुगाच्या शेंगा निघाल्या तर दाणे सव्वाचार क्विंटल धरा. घाण्यावर शंभराला चाळीस किलो तेल मिळाले तर एकशे सत्तर किलो होते. पाच माणसांच्या घराला पोषण संस्थेच्या मापाने वर्षाला पन्नास किलो पुरे. म्हणजे बारा गुंठे भुईमूग घरचे वर्षाचे तेल देतो, आणि वर म्हशीला पेंड.

आरोग्याच्या दृष्टीने तेलाची निवड

वाचक आम्हांला नेहमी विचारतात की सर्वांत चांगले तेल कोणते. असे एक तेल नाही. शेंगतेलात जवळपास निम्मा भाग ऑलिक आम्लाचा असतो. करडईत तीनचतुर्थांश लिनोलेइक आम्ल असते. ते शरीराला स्वतः तयार करता येत नाही, बाहेरूनच घ्यावे लागते. पण त्याचे जोडीदार असलेले दुसरे आवश्यक आम्ल, लिनोलेनिक, शेंगतेलात आणि करडईत नसल्यासारखेच आहे. ते मोहरीत व सोयाबीनमध्ये थोडे आणि जवसात भरपूर, तेलाच्या निम्म्याहून जास्त. म्हणून पोषणतज्ज्ञ तेल आलटून-पालटून वापरा असे सांगतात. आपल्या आयांनी हे वेगळ्या वाटेने साधले होते. फोडणीला करडईचे किंवा शेंगेचे तेल आणि ताटात जवसाची, कारळ्याची, तिळाची चटणी. जवसाचे तेल हवेने लवकर खवट होते. बी मात्र तसे राहते आणि भाजून कुटले की चटणी तयार. तेलाच्या किटलीपेक्षा चटणीतून घेतलेली चरबी आम्हांला अधिक पसंत आहे, कारण तिच्याबरोबर प्रथिन, चुना आणि चोथाही पोटात जातो.

गोव्याकडील वाचक खोबरेलाबद्दल विचारतील. त्यातील सुमारे ९० टक्के चरबी घट्ट जातीची, म्हणजे संपृक्त असते. पाम तेलात ती निम्मी. जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला असा की संपृक्त चरबीतून दिवसाच्या उष्मांकांपैकी दहा टक्क्यांहून अधिक येऊ नयेत. २,००० उष्मांकांना बावीस ग्रॅम झाले. आमटीला अर्धी वाटी खोवलेला नारळ घालणाऱ्या आणि मासळी-भात खाणाऱ्या घराने घाबरण्याचे कारण नाही. पण नारळाचा रस, वर तळलेली मासळी, वर बेकरीचे पदार्थ असे तिन्ही एका दिवसात आले की हिशेब पार कोलमडतो. एखादे तेल 'कोलेस्टेरॉलमुक्त' म्हणून जाहिरात करते त्याचेही कौतुक नको. कोलेस्टेरॉल प्राणिज पदार्थांत असते. कोणत्याच बियाच्या तेलात ते सांगण्याजोगे नसते.

तेलाचा दिसणारा भाग सोडून न दिसणारा भागही असतो. ज्वारीत दोन-तीन टक्के, बाजरीत पाच टक्के चरबी आहे. बाजरीचे पीठ आठ दिवसांत कडवट होते ते त्यामुळेच. दोन बाजरीच्या भाकऱ्या खाणाऱ्याच्या पोटात एक-दोन चमचे चरबी तेल न दिसताही गेलेली असते.

लग्नाच्या आणि सणाच्या जेवणात उरलेल्या तळणाबद्दल दोन शब्द. तेल पुन्हा पुन्हा तापवले की त्यात अपायकारक द्रव्ये साठतात. १ जुलै २०१८ पासून हॉटेलवाल्यांना अशा द्रव्यांची २५ टक्के मर्यादा कायद्याने घातली आहे. घरी मोजण्याचे साधन नाही. तेल काळपट झाले, फेस धरू लागले, धूर लवकर येऊ लागला की ते स्वयंपाकातून काढावे. मांडवात आचाऱ्याजवळ उरलेले दहा-पंधरा किलो तळणाचे तेल वाटून घेण्याची आपल्याकडे पद्धत आहे. ती काटकसर डॉक्टरच्या बिलात निघते.

भेसळीची भीतीही खोटी नाही. १९९८ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात दिल्लीत मोहरीच्या तेलात पिवळ्या धोत्र्याचे तेल मिसळले गेले. हजारो लोकांच्या पायांना सूज आली आणि साठांहून अधिक माणसे दगावली. पिवळ्या धोत्र्याचे बी मोहरीसारखेच काळे व बारीक असते आणि शेतातही मोहरीत उगवते. ग्वाल्हेरकडील वाचकांनी मोहरी काढण्याआधी हे काटेरी, पिवळ्या फुलांचे तण उपटून टाकावे. भेसळ दर वेळी व्यापारीच करतो असे नाही, कधी कधी ती आपल्या खळ्यावरच होते.

बांधावर काय करता येईल

ज्यांची जमीन काळी व खोल आहे त्यांनी रब्बी ज्वारीत पूर्वीसारखे करडईचे पाटे घालावेत. सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत पेरणी साधावी. मूळ खोल जाते, त्यामुळे एकदा ओल धरली की वरचे पाणी लागत नाही. कडेच्या दोन ओळी काटेरी करडईच्या असल्या की गुरे आत शिरत नाहीत, हा आपला जुना अनुभव आहे. काट्यांमुळे मजूर मिळत नाहीत ही तक्रारही जुनीच. फलटणच्या संस्थेने बिनकाट्याचे वाण काढले आहेत, त्यांची चौकशी करावी. माव्यावर लक्ष ठेवावे, ढगाळ हवेत तो एका आठवड्यात पीक चिकट करतो. कोवळ्या पानांची भाजी घरात होते, हा वरचा लाभ.

भुईमूग करणाऱ्यांनी वाळवणीत घाई करू नये. शेंग कानाशी हलवली तर आत दाणा खुळखुळला पाहिजे. ओलसर शेंगा पोत्यात भरल्या की हिरवट-पिवळी बुरशी धरते आणि तिच्यातून अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार होते, जे यकृताला घातक आहे. हे विष तेलापेक्षा पेंडीत अधिक राहते. तशी पेंड गाईने खाल्ली की काही अंश दुधात उतरतो आणि दूध पितात मुले. म्हणून बुरशीचे, काळे पडलेले, सुरकुतलेले दाणे घाण्यावर नेण्याआधी निवडून काढावेत, आणि ते 'म्हशीला होतील' म्हणून बाजूला ठेवू नयेत. पुरून टाकावेत.

घाण्यावरून आणलेले तेल आठ दिवस झाकून, न हलवता ठेवावे. गाळ तळाशी बसतो. वरचे निवळ तेल कापडातून गाळून स्टीलच्या किंवा कथील केलेल्या भांड्यात, उन्हापासून दूर ठेवावे. भांडे काठोकाठ भरलेले असले की आत हवा कमी राहते आणि तेल टिकते. एका वेळी तीन-चार महिन्यांपुरतेच काढून घ्यावे, उरलेल्या शेंगा टरफलासकट ठेवाव्यात. टरफल ही निसर्गाने दिलेली सर्वांत चांगली बरणी आहे.

आमच्या घरी दुसऱ्या महिन्यापासून किटली कपाटात गेली आणि कढईजवळ एक चमचा व एक लहान वाटी आली. सकाळी पाच माणसांचे दिवसाचे तेल वाटीत काढायचे आणि रात्रीपर्यंत तेच पुरवायचे. पहिले चार दिवस भाजी करपली आणि कुरबूर झाली. महिनाअखेर डब्यात दीड किलो तेल शिल्लक होते. यंदा पावसाच्या तोंडावर सोयाबीनच्या रानातले बारा गुंठे भुईमुगासाठी राखून ठेवले आहेत. चर्चच्या आवारात भेटलेल्या त्या दुसऱ्या बंधूंनी बियाण्याच्या शेंगा देऊ केल्या आहेत, आणि रानडुकरांसाठी रात्रीची राखण दोघांनी वाटून घ्यायची असे ठरले आहे.